नदीतल्या किड्यांनी प्लास्टिक खाल्लं, तर आपल्याला काय?

धुळ्यातून वाहणारी पांझरा मुडावदला तापीला मिळते. जळगाव जिल्ह्यातल्या वाघूर आणि गिरणाही तापीलाच मिळतात. त्यामुळे खानदेशात नाल्यात टाकलेल्या कॅरीबॅगची वाट बहुतेक वेळा तापीकडेच जाते. वाटेत तिचे तुकडे होतात आणि ते नदीच्या तळाशी राहणाऱ्या किडे, गोगलगायी आणि शिंपल्यांच्या पोटात जाऊ शकतात.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे काय?

5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकचा कण. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांच्या 2004 सालच्या शोधनिबंधानंतर हा शब्द रूढ झाला.

ते नदीत येतं कुठून?

पॉलिस्टरचे कपडे धुताना सुटणारे धागे सांडपाण्यातून येतात. गाड्यांच्या टायरची झीज पावसाबरोबर वाहून येते. खानदेशात यात शेतीची भर पडते: मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या, केळीच्या घडांना घातलेल्या स्कर्टिंग बॅगा. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात पडून तुकडे झालेलं प्लास्टिक पहिल्या पुरात वाहून जातं.

किड्यांच्या पोटात कसं जातं?

शिंपला पाणी गाळून त्यातलं अन्न घेतो. ट्युबिफेक्ससारखे कृमी गाळच गिळतात. काही किडे दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. यांना अन्न आणि प्लास्टिक यांतला फरक कळत नाही. चतुराची अळी हे किडे खाते, तेव्हा त्यांच्या पोटातलं प्लास्टिक तिच्या पोटात जातं.

वेल्समधल्या टॅफ, अस्क आणि वाय या नद्यांमधल्या किड्यांचा कार्डिफ विद्यापीठाने अभ्यास केला. 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, जवळपास निम्म्या नमुन्यांत मायक्रोप्लास्टिक होतं. पुढच्याच वर्षी आणखी एका अभ्यासात दिसलं, की तिथले डिपर पक्षी असे किडे खाऊन दिवसाला सुमारे 200 प्लास्टिकचे कण गिळत असावेत.

किडे प्लास्टिक संपवतात का?

नाही, उलट आणखी बारीक करतात. आयर्लंडमधल्या कॉर्क विद्यापीठाने 2020 मध्ये दाखवलं, की गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा एक छोटा जीव चार दिवसांत मायक्रोप्लास्टिकचे त्याहून सूक्ष्म कण करतो. असे कण गाळून काढणं जास्त अवघड असतं.

मग आपल्याला काय?

मासे किडे खातात आणि आपण मासे. पोट प्लास्टिकने भरलं, तर किड्यांची वाढ आणि प्रजनन मंदावू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. किडे घटले तर माशांचं खाणं घटतं, आणि त्याचा फटका मासेमारीवर जगणाऱ्यांना बसतो.

काय करता येईल?

महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आहे. पण मल्चिंग पेपर या बंदीत येत नाही. तो हंगाम संपताच, अखंड असतानाच गोळा करायला हवा. जाळू नका आणि बांधावर टाकू नका. पहिल्या पुरानंतर ते तुकडे नदीतून कुणालाच वेचता येणार नाहीत.