मिनामाता : विषारी मासळी आणि साक्षीचा प्रश्न

जपानच्या क्युशू बेटावरील मिनामाता येथील पाराविषबाधेचा इतिहास प्रामुख्याने दोन मार्गांनी उपलब्ध होतो : एकीकडे कंपनी, शासन आणि विद्यापीठ यांची कागदपत्रे, तर दुसरीकडे इशिमुरे मिचिको यांची १९६९ साली प्रसिद्ध झालेली ‘कुगाई जोदो’ ही साहित्यकृती. यांपैकी कोणती साक्ष अधिक ग्राह्य, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन होत असे. उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या पाऱ्यापासून मिथिल-पारा तयार होई. सांडपाण्यावाटे तो उपसागरात जाऊन मासे व शिंपले यांत साठत राहिला. आधी मांजरे झटके येऊन मेली. पुढे मासळी हेच रोजचे अन्न असलेल्या कोळी कुटुंबांत हातपाय कापणे, दृष्टी आकुंचित होणे, वाचा अडखळणे ही लक्षणे दिसू लागली. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख होसोकावा हाजिमे यांच्यामार्फत १ मे १९५६ रोजी या अज्ञात व्याधीची अधिकृत नोंद झाली. लोक तिला ‘विचित्र रोग’ म्हणत व संसर्गाच्या भयाने रुग्णांना टाळत.

१९५९ हे वर्ष निर्णायक ठरते. कुमामोतो विद्यापीठातील संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे निर्देश केला. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून दिलेले ४०० क्रमांकाचे मांजरही त्याच व्याधीने ग्रासले. परंतु हा निष्कर्ष कंपनीने दडपला. डिसेंबरात रुग्णांशी करार झाला. त्यात अल्पशा ‘सहानुभूतीच्या रकमे’च्या बदल्यात, पुढे कारखाना दोषी ठरला तरी नवी भरपाई मागणार नाही, असे लिहून घेण्यात आले. शासनाने खरे कारण मान्य केले ते १९६८ साली, अॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद पडल्यावर. न्यायालयाने हा करार निरर्थक ठरवण्यास १९७३ उजाडले. तोवर ‘अस्सल साधन’ म्हणून जे उपलब्ध होते, त्यातच असत्य मुरलेले होते.

इशिमुरे यांनी वैद्यकीय अहवालांचे उतारे आणि कोळ्यांची बोली एकाच ग्रंथात शेजारी ठेवली. ही मनोगते म्हणजे शब्दशः टिपलेल्या मुलाखती नव्हेत. रुग्णांच्या अंतरीचे त्यांनी शब्दबद्ध केले. इतिहासकाराला ही अडचण वाटेल, आणि ती रास्तही आहे. मात्र वाचाच हिरावलेल्या माणसाची मुलाखत कशी घ्यावी, याचे उत्तर त्याच्याकडेही नाही. ग्रंथनामात दुःखसागर आणि शुद्धभूमी या बौद्ध कल्पनांची सांगड आहे. भारतीय वाचकाला सुखावतीचे स्मरण होईल. येथे मात्र तो सागर विषारी आहे, आणि कोळ्यांचे सुखही त्याच पाण्यात होते.

या कृतीला १९७० साली कल्पितेतर लेखनासाठीचा ओया सोइची पुरस्कार जाहीर झाला. इशिमुरे यांनी तो स्वीकारला नाही.