अल्-जझरीची यंत्रे

वाचकहो, यंत्रमानव म्हटले की जपान-अमेरिकेचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. 'रोबो' हा शब्दही अलीकडचा. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर पसरला. परंतु आपोआप काम करणाऱ्या पुतळ्यांचा शोध घेत मागे गेल्यास आपण दियारबकर येथील अर्तुकी सुलतानांच्या दरबारात पोहोचतो. तेथे २५ वर्षे सेवेत असलेल्या अल्-जझरी या कारागिराने सुलतान नासिरुद्दीन महमूद यांच्या आज्ञेवरून १२०६ साली ५० यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला.

वुजूसाठी नोकराने हातांवर पाणी घालावे, हे सुलतानांना रुचत नसे. म्हणून जझरीने हात धुण्याची निरनिराळी यंत्रे रचली. त्यांतील एकात मोराच्या चोचीतून पाणी पडते. वापरलेले पाणी खाली साठते, त्याबरोबर आतला तरंगता गोळा वर चढतो, आणि दार उघडून साबण घेतलेली पुतळी पुढे येते. पाणी आणखी चढले की दुसरी पुतळी रुमाल घेऊन हजर!

त्याच्या नौकेवरील वादक पुतळ्यांचे हात फिरत्या दांड्यावरील खुंट्यांनी हलत. खुंट्या हलविल्यास ठेका बदलतो, हे नोएल शार्की या ब्रिटिश संशोधकाने प्रतिकृतीवर दाखविले. मात्र तेवढ्यावरून 'सारे आपल्याच पूर्वजांनी शोधले' अशी बढाई मला पटत नाही. आजचा यंत्रमानव कॅमेऱ्याने पाहून हालचाल बदलतो; जझरीची पुतळी समोर कोणी असो वा नसो, पाणी चढले की येणारच. शिवाय त्याच्याआधी नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी अशी यंत्रे वर्णिली होती.

जझरीचे मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसते. प्रयोगाने न पडताळलेल्या विद्येवर त्याचा विश्वास नव्हता. आधी कागदाचे नमुने करावेत, लाकूड वाकू नये म्हणून त्याचे थर जोडावेत, वाळूच्या साच्यात धातू कसा ओतावा, हे सारे त्याने मापांसह आणि चित्रांसह लिहिले. पालकहो, आपला मुलगा लेथवर काम करतो हे नातेवाइकांत सांगताना आपण अडखळतो; हा मनुष्य मात्र सुलतानापुढे आपली कारागिरी अभिमानाने मांडत होता.

१९७४ साली डोनाल्ड हिल यांनी हा ग्रंथ इंग्रजीत आणला. दोनच वर्षांनी लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यावरून जझरीचे भव्य जलघड्याळ पुन्हा उभारण्यात आले. ग्रंथ लिहून तेव्हा ७७० वर्षे झाली होती.