संदर्भसूची

ज्या साधनांच्या आधारे एखादा ग्रंथ वा शोधनिबंध सिद्ध झाला, त्या साधनांची ठराविक पद्धतीने केलेली नोंद म्हणजे संदर्भसूची. एखाद्या भाषेतील अथवा विषयावरील समग्र ग्रंथांची गणना करणाऱ्या ग्रंथसूचीहून ती भिन्न होय. शंकर गणेश दाते यांची १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली मराठी ग्रंथसूची (१८००–१९३७) ही दुसऱ्या प्रकारातील मराठीतील सर्वांत मोठी कामगिरी मानली जाते. संदर्भसूचीचे प्रयोजन त्या मानाने मर्यादित, पण अधिक कठोर असते : लेखकाने जे पाहिले ते वाचकालाही शोधून पाहता आले पाहिजे. नोंदीतील प्रत्येक तपशिलाची आवश्यकता याच कसोटीवर ठरते.

सध्या रूढ असलेले नोंदींचे साचे मुख्यतः अमेरिकेत घडले. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मधील एका लेखात कंसात लेखक व वर्ष देण्याची पद्धत वापरली. शिकागो विद्यापीठाची नियमपुस्तिका १९०६ मध्ये, मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे नियम १९२९ मध्ये व आधुनिक भाषांच्या अभ्यासकांचे नियम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यात स्वल्पविराम कोठे द्यावा, वर्ष आधी की शेवटी, यांविषयी मतभेद असले, तरी एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे साधनाला छापील मुखपृष्ठ असते आणि त्यावर लेखक, नाव, स्थळ व वर्ष ही सारी माहिती असते. भारतीय इतिहासाच्या व प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकापुढील साधनांना पुष्कळदा मुखपृष्ठच नसते. ताडपत्र, पोथी, शिलालेख, दप्तरातील कागद यांची नोंद कशी करावयाची हा प्रश्न येथील संशोधकांना स्वतंत्रपणे सोडवावा लागला. सोलापूरशी संबंधित एका ग्रंथाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

षट्खंडागम हा दिगंबर जैनांचा प्राचीन प्राकृत आगमग्रंथ व त्यावरील वीरसेनाची धवला ही टीका यांची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत जतन केलेली होती. त्यांचे केवळ दर्शन होई, वाचन होत नसे. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या नकला करून घेण्याचा उद्योग आरंभिला. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री व मिरजेचे गजपती उपाध्याय यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले व ते अनेक वर्षे चालले. नकल मूडबिद्रीबाहेर जाऊ नये असा तेथील निर्बंध असता गजपतींनी गुप्तपणे आणखी एक प्रत केली. ती सहारनपूरला गेली, तेथे तिचे देवनागरीत लिप्यंतर झाले व त्या लिप्यंतरावरून कारंजा, आरा, अमरावती इ. ठिकाणच्या प्रती निघाल्या. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे मूळ ताडपत्र नव्हते. नकलेच्या नकलेवरून केलेल्या नकला तेवढ्या होत्या. त्यांनी प्रस्तावनेत ही सर्व परंपरा सांगितली. मुद्रणाची परवानगी मिळविण्यापेक्षा अशी कबुली देणे संपादकाला अधिक कठीण जाते. तथापि या आवृत्तीची विश्वासार्हता तीवरच उभी राहिली.

या दक्षतेचे महत्त्व लवकरच प्रत्ययास आले. पहिल्या खंडातील त्र्याण्णवाव्या सूत्रात ‘संजद’ (संयत) हा शब्द उपलब्ध प्रतींत नव्हता. अर्थाच्या दृष्टीने तो असावयास हवा, असे संपादकांना वाटले. त्यांनी तो सूत्रात घुसडला नाही, तर तळटीपेत तशी सूचना केली. हे सूत्र मनुष्यस्त्रीच्या गुणस्थानांविषयीचे असल्याने स्त्रीमुक्तीच्या सांप्रदायिक प्रश्नाशी त्याचा संबंध पोहोचत होता, व त्यावरून तीव्र वाद झाला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहता तो शब्द तेथे आढळला. प्रतीत काय आहे आणि संपादकाला काय वाटते, ही दोन विधाने पृष्ठावर वेगळी ठेवली नसती, तर ताडपत्र उपलब्ध होऊनही वादाचा निर्णय अवघड झाला असता.

या खंडाची सुधारित आवृत्ती १९७३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढली. त्यामुळे आज ‘षट्खंडागम, खंड १’ एवढीच नोंद अपुरी ठरते. ‘जैन, हिरालाल, संपा., षट्खंडागम, खंड १, अमरावती, १९३९’ आणि त्याच ग्रंथाची ‘सोलापूर, १९७३’ ही आवृत्ती यांपैकी कोणती पाहिली ते सांगावे लागते. ज्या वर्षाची आवृत्ती हाती होती तेच वर्ष द्यावे, मूळ प्रकाशनवर्ष हवे तर कंसात जोडावे, हा सर्वमान्य नियम आहे. मराठी प्रबंधांत तो वारंवार मोडला जातो. जुने वर्ष दिल्याने अभ्यास सखोल दिसतो, असा समज यामागे असावा.

वर उल्लेखिलेल्या संघाची स्थापना सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या प्रेरणेने झाली. १९४१ च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळील गजपंथ येथे विद्वानांची परिषद भरविली व ३०,००० रुपयांची देणगी जाहीर केली. १९४४ मध्ये त्यांनी सु. दोन लाखांची आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या रूपाने संघाला दिली. १९५७ मध्ये ते निवर्तले. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे संपादन आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन यांनी केले. यतिवृषभाच्या तिलोयपण्णत्तीचा पहिला भाग १९४३ मध्ये व दुसरा १९५१ मध्ये निघाला. कृष्णकांत हंदिकी यांचा सोमदेवाच्या यशस्तिलकावरील इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये, पां. बा. देसाई यांचा दक्षिण भारतातील जैन धर्म व शिलालेख यांवरील ग्रंथ १९५७ मध्ये आणि विद्याधर जोहरापूरकर यांचा भट्टारक संप्रदाय १९५८ मध्ये या मालेत प्रसिद्ध झाला. एकाच प्रकाशन संस्थेने पोथी, टीका, शिलालेख आणि प्रशस्ती अशी निरनिराळी साधने हाताळल्याने नोंदींचे बहुतेक प्रश्न तिच्या ग्रंथांत भेटतात.

त्यांपैकी नावांचा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. आधुनिक मराठी लेखकाचे आडनाव आधी देणे सोयीचे असते. संत, आचार्य व मुनी यांना आडनाव नसल्याने त्यांची नोंद ज्ञानेश्वर, सोमदेव अशी रूढ नावानेच करावी लागते. भट्टारकांच्या पीठांवर तीच ती नावे पुन्हा येतात. कारंजा येथील बलात्कार गणाच्या परंपरेत देवेंद्रकीर्ती एकाहून अधिक झाले. अशा ठिकाणी पीठ व काल यांच्यावाचून नाव निरर्थक होय. जोहरापूरकरांनी प्रत्येक उताऱ्याला लेखांक देऊन त्याचे मूलस्थान नोंदविले, यामुळे त्यांचा ग्रंथ आजही उपयोगी पडतो. आधुनिक काळातही हा घोटाळा संभवतो. मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची १९२६ ची नागपूर येथील सूची रायबहादूर हिरालाल यांची आहे, अमरावतीचे हिरालाल जैन यांची नव्हे.

शिलालेखाच्या बाबतीत दगड, ठसा आणि वाचन ही तीन वेगळी साधने आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा लेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे अभ्यासकांपुढे आला. मराठीतील आद्य कालोल्लेखयुक्त लेख कोणता या चर्चेत तो अक्षी येथील लेखाबरोबर येतो. अक्षीच्या लेखाच्या शकाचे वाचन वादग्रस्त असल्याने ही चर्चा कोणाचे वाचन स्वीकारले यावर अवलंबून राहते. म्हणून अशा नोंदीत स्थळ व वाचकाचे नाव दोन्ही हवीत. कालगणनेचाही निर्देश अवश्य करावा. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, परंतु १ जानेवारीपासून शकाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. विक्रम आणि वीर निर्वाण संवतांचे हिशेब आणखी वेगळे आहेत. मुखपृष्ठावरील मूळ वर्ष देऊन इसवी सन कंसात लिहिणे हा सुरक्षित मार्ग होय.

शासकीय प्रकाशनांना व्यक्ती-लेखक क्वचितच असतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ चा सोलापूरविषयक विसावा खंड इंग्रजीत ‘शोलापूर’ या वर्णलेखनाखाली आहे, हे ध्यानात न घेतल्यास वर्णक्रमसूचीत तो सापडत नाही. मे १९३० मधील सोलापूरच्या लष्करी कायद्याविषयीचे कागद अभ्यासताना अभिलेखागार, विभाग, वर्ष व फाइल क्रमांक देणे भाग असते. वृत्तपत्राच्या नोंदीत पूर्ण दिनांक लागतो, केवळ वर्ष चालत नाही. अप्रकाशित प्रबंधासाठी पदवी देतेवेळचे विद्यापीठाचे नाव द्यावे. सोलापूरच्या महाविद्यालयांतील जुने प्रबंध १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाकडे शोधावे लागतात. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले आणि २०१९ पासून त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे.

महाजालावरील छायाप्रतींमुळे दुर्मिळ ग्रंथ सुलभ झाले. अशी प्रत पाहिली असता मूळ छापील आवृत्तीची पूर्ण नोंद करून शेवटी संकेतस्थळ व पाहिल्याचा दिनांक जोडावा. छायाप्रतीत अनेकदा मुखपृष्ठ गळालेले असते वा दोन आवृत्तींची पाने एकत्र बांधलेली आढळतात. तसे असल्यास तेही नोंदीत लिहावे.