घाम फुटला की गाडी बघा

आमचं गाव रोहा तालुक्यात. भातकापणीच्या दिवसांत भारे उचलताना आजी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची: आधी भारा काठीने हलवा, मग हात घाला. काळा, मोठा विंचू दिसायला भयंकर. पण आजी घाबरायची ती लहानशा लालसर विंचवाला. तो चावल्यावर माणूस नुसता ठणक्याने ओरडत असेल, तर ती शांत असायची. "ठणकतंय तोवर बरं. घाम फुटला की गाडी बघा," असं तिचं म्हणणं. गाडी म्हणजे रोह्याला नेणारी, आणि तिथे नाही जमलं तर पुढे पेणला किंवा अलिबागला.

घामच का, हा प्रश्न मला नोकरीला लागल्यावर पडला. मी सॉफ्टवेअरवाला, जीवशास्त्र सोडलं ते कायमचं. उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळलं, की त्याचा मोठा भाग आमच्याच जिल्ह्यात शोधला गेला आहे.

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघालात की नागोठणे, मग रोह्याचा फाटा असलेलं कोलाड, माणगाव आणि पुढे महाड लागतं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला, नागपूरला शिकलेला तरुण डॉक्टर. विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं त्यांच्यासमोर तोंडाला फेस येऊन मरत होती. त्या काळी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं दिली जायची. त्यांचा उपयोग होत नव्हता. बावस्करांनी एक साधं काम केलं. ते रुग्णांच्या उशाशी तासन् तास बसले आणि काय कशानंतर होतं, ते लिहीत गेले.

त्या नोंदींतून क्रम दिसू लागला. चावल्यावर थोड्याच वेळात उलटी, दरदरून घाम, तोंडात लाळ, पुरुष रुग्णांत लिंगाला ताठरता. नाडी कधी कधी मंद. मग हातपाय गार पडायचे, रक्तदाब चढायचा, नाडी पळायची. त्यानंतर फुप्फुसांत पाणी भरून गुलाबी फेस आणि मृत्यू. उलट, ज्यांना फक्त चावल्या जागी भयंकर ठणका असे, ते बहुतेक वाचत. धोक्याच्या या पूर्वखुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांचं नाव का टिकलं, हेही यातून समजतं. बहुतेक डंख नुसते ठणकणारेच असतात. ते आपोआप उतरतात आणि श्रेय मंत्राला जातं.

आता पहिल्या टप्प्याकडे नीट बघू. घाम, लाळ, उलटी, मंद नाडी. या सगळ्यांमागे एकच रेणू आहे: अ‍ॅसिटिलकोलिन. मज्जातंतूंच्या टोकाशी तो सुटतो आणि समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतो. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं मज्जातंतूंवरच्या सोडियम आणि पोटॅशियमच्या दारांमध्ये बिघाड करतात. सोडियमची दारं वेळेवर मिटत नाहीत, काही पोटॅशियमची दारं उघडत नाहीत. मग तंतू विनाकारण पेटत राहतात आणि टोकाशी असलेला साठा ओतत सुटतात.

अ‍ॅसिटिलकोलिनचे रिसेप्टर दोन घराण्यांतले. १९१४ साली हेन्री डेल यांनी हा भेद मांडला: एका घराण्यावर तंबाखूतलं निकोटीन काम करतं, दुसऱ्यावर लाल छत्रीच्या एका विषारी अळंबीतलं मस्करीन. म्हणून दुसऱ्याचं नाव मस्करिनिक. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं, की मज्जातंतू हृदयाला रासायनिक निरोप धाडून मंद करतो. तो निरोप म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन. दोघांना १९३६ चं नोबेल मिळालं.

मस्करिनिक रिसेप्टर पाच प्रकारचे आहेत, एम-१ ते एम-५. प्रत्येक म्हणजे एक लांब प्रथिनसाखळी, पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार ओवलेली. सात वेढ्यांच्या मधोमध एक खोबण. अ‍ॅसिटिलकोलिन त्या खोबणीत बसलं की प्रथिनाचा आकार जरासा बदलतो आणि पेशीच्या आत जी-प्रोटीन जागं होतं. पुढे काय घडणार हे प्रकारावर ठरतं. हृदयात मुख्यतः एम-२ असतो. तो पोटॅशियमची दारं उघडतो आणि ठोके मंदावतात. लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथींत, आतड्याच्या स्नायूत एम-३ असतो. तो पेशीतलं कॅल्शियम वाढवतो. ग्रंथी पाझरते, आतडं आवळतं. मेंदूतल्या स्मरणाच्या कामात एम-१ चा मोठा वाटा आहे. २०१२ साली एम-२ आणि एम-३ यांच्या त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाल्या. पाचही प्रकारांची खोबण जवळजवळ सारखीच असल्याचं त्यांतून स्पष्ट दिसलं. एकालाच अडवणारं औषध बनवणं अवघड जातं, त्याचं हे कारण.

महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यात याच खोबणीत अडकून बसणारी द्रव्यं असतात. धोतरा खाल्लेल्याचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते, माणूस बरळतो. दवाखान्यातलं अ‍ॅट्रोपिन याच कुळातलं.

इथे मोह होतो. रुग्ण घामाने भिजलाय, लाळ गळतेय, नाडी मंद आहे, द्या अ‍ॅट्रोपिन. कीटकनाशक प्यायलेल्या माणसाचं चित्र असंच दिसतं, आणि तिथे अ‍ॅट्रोपिन खरोखर जीव वाचवतं. कारण तिथे अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइमच बंद पडलेलं असतं. विंचवाच्या डंखात पुढचा टप्पा वेगळा आहे. विषाने अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचाही पूर सोडलेला असतो. ती अल्फा-१ नावाच्या वेगळ्या रिसेप्टरवरून रक्तवाहिन्या आवळतात, आणि त्या दाबाविरुद्ध झुंजताना हृदय थकतं. अ‍ॅट्रोपिन घाम थांबवेल, पण त्याच खोबणीमुळे हृदयावरचा एम-२ चा ब्रेकही काढून घेईल. आमच्या भाषेत, सर्व्हर जळत असताना अलार्म बंद करण्यासारखं. ऐन वादळात नाडी आणि रक्तदाब आणखी चढतात.

बावस्करांनी ब्रेकला हात न लावता आवळलेल्या वाहिन्या सोडवायचं ठरवलं. पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा याच भागात, पोलादपूरला आले. आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते शिरेतून आणि सतत रक्तदाब मोजत द्यावं लागतं, खेड्यात अवघड. मग त्यांना प्राझोसिन सापडलं: रक्तदाबावरची साधी गोळी, थेट अल्फा-१ अडवणारी. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यावरचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट'ने छापला. त्यांच्या लेखांतल्या आकड्यांनुसार गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. पुढे प्रतिविष आल्यावर त्यांनी महाडमध्ये ७० रुग्णांवर चाचणी केली. २०११ च्या 'बीएमजे'तल्या निष्कर्षानुसार प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलतभावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एम-३ वगैरे राहू दे, करायचं काय ते सांग." मी सांगितलं: चावल्या जागी कापायचं नाही, उतरवणाऱ्याकडे वेळ घालवायचा नाही. उलटी, घाम किंवा लाळ सुरू झाली की थेट दवाखाना, आणि तिथल्या डॉक्टरांना दोन वेळा नक्की सांगायच्या: चावला कधी आणि घाम कधी फुटला. लहान मूल असेल तर घामाचीही वाट बघायची नाही. त्याने त्या दोन ओळी पडवीतल्या कॅलेंडरवर, गाडीवाल्याच्या नंबरखाली लिहून ठेवल्या.