गंजलेले इंजिन आणि पन्नास वर्षांची अट : वसईच्या खाऱ्या हवेतून जुन्या मोटारींच्या इतिहासाकडे

#थ्रेड

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला आणि तेथील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी उतरवून नेल्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, एक भीमाशंकरला आजही टांगलेली दिसते. पावणेतीनशेहून अधिक पावसाळे पाहिलेल्या या घंटा शाबूत आहेत, याचे कारण त्यांच्या धातूत आहे. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणावर हिरवट थर चढतो, आणि तो थरच आतल्या धातूचे रक्षण करतो.

लोखंडाच्या नशिबी हे नाही. त्याचा गंज पापुद्र्यांनी सुटतो आणि आत नवे लोखंड उघडे पाडतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. बंद पोकळीत धरलेला गंज म्हणूनच पाचरीसारखा काम करतो. इंजिनाचा सिलिंडर ही अशीच एक बंद पोकळी.

एकीकडे अरबी समुद्र, दुसरीकडे खाडी, मधे मिठागरे आणि वर चार महिन्यांचा पाऊस : लोखंड गंजवण्यासाठी वसई-विरारइतका सोयीस्कर पट्टा शोधून सापडणार नाही. मिठातले क्लोराइड गंजाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते आणि हवेतला ओलावा ओढत राहते. वरून घासून चकचकीत केलेला भाग महिन्याभरात पुन्हा तांबूस का होतो, याचे उत्तर तेथे आहे. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तू संग्रहालयातले तज्ज्ञ अल्कधर्मी द्रावणात महिनोन्‌महिने बुडवून ठेवतात, ते हे क्लोराइड बाहेर काढण्यासाठीच.

येथे कोणाला दिल्लीचा लोहस्तंभ आठवेल. सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा असूनही तो फारसा गंजलेला नाही. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक संरक्षक थर तयार झाला आहे. मात्र दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही त्याच्या मदतीला आहे, हे विसरून चालत नाही. तोच स्तंभ अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभा असता तर कथा वेगळी झाली असती.

आता मोटारींकडे.

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. पण ती संस्थानिक आणि शेटजींच्या पलीकडे पोहोचू लागली ती १९२० च्या दशकात. फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि डिसेंबर १९२८ मध्ये तेथून पहिली शेवरोले बाहेर पडली. भाग परदेशातून खोक्यांत भरून येत आणि जोडणी इथे होई. एकही महत्त्वाचा भाग इथे ओतला जात नव्हता, ही गोष्ट पुढे फार महाग पडली.

१९२९ मध्ये शेवरोलेने सहा सिलिंडरांचे इंजिन आणले. त्याचे पिस्टनही बिडाचे होते. अमेरिकेत त्यावरून त्या इंजिनाला थट्टेने नाव पडले होते. बिडाच्या सिलिंडरात बिडाचा पिस्टन, आणि त्याभोवती बिडाच्याच रिंगा. गाडी रोज चालत असेपर्यंत तेलाचा पातळ थर या सगळ्यांना सांभाळतो. ती दोन-तीन पावसाळे उभी राहिली, की उघड्या राहिलेल्या एखाद्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जाते आणि तिन्ही भाग एकमेकांत गंजून एकजीव होतात. मेस्त्री म्हणतात, इंजिन जाम झाले.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि पुष्कळ खासगी गाड्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवण्यात आल्या. काही गाड्यांच्या मागे कोळशापासून गॅस तयार करणारी भांडी बसली. त्या गॅसमध्ये ओलावा आणि डांबरासारखा चिकटा असे. गाडी त्यावर चाले, पण इंजिनाचे आयुष्य कमी होई.

याच काळात या देशात संपूर्ण मोटार बनवण्याची धडपड चालू होती. सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मोटार कारखान्याची योजना मांडली, ब्रिटिश सरकारने तिला साथ दिली नाही. वालचंद हिराचंद यांनी ती जिद्द सोडली नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याखालील गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला.

स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांची आयात बंद झाली. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून १९५३ मध्ये सरकारने ठरवले की केवळ जोडणी करणाऱ्या आणि उत्पादनाची योजना नसलेल्या कंपन्यांना येथे स्थान नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही काढता पाय घेतला. देशी उद्योगाच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. ज्यांच्या दारात आधीच शेवरोले, फोर्ड, ब्युइक उभ्या होत्या त्यांच्यासाठी मात्र त्याचा अर्थ एवढाच होता की आता सुटे भाग येणार नाहीत.

मुंबई आणि परिसरातील मेस्त्रीचा खरा इतिहास येथून सुरू होतो. त्याबद्दल लिहिले गेले आहे फार थोडे. ज्या भागाचा नवा नग मिळत नाही तो दुरुस्त करायचा, दुरुस्त होत नसेल तर लेथवर घडवायचा, घडत नसेल तर दुसऱ्या गाडीचा घासून बसवायचा. चोर बाजारातून, कुर्ल्याच्या भंगारातून निघालेला गंजका भाग या व्यवस्थेत कचरा नव्हता, कच्चा माल होता. आणि जेथे काहीच जमले नाही तेथे मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन चढवले गेले. अनेक दिमाखदार अमेरिकी गाड्यांनी आपली उतरती वर्षे अशी परक्या इंजिनावर काढली. मूळ इंजिन गॅरेजच्या मागे, आंब्याखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिले.

अशा पडून राहिलेल्या इंजिनाला पुन्हा हात घालायचा तर पहिला नियम घाई न करण्याचा. गाडी गिअरमध्ये टाकून ओढली आणि इंजिन फिरते का पाहिले, तर जाम पिस्टन सुटण्याआधी कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात रॉकेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतायचे आणि थांबायचे, आठवडाभर, कधी महिनाभर. मग पुढचे हँडल लावून अगदी थोडे पुढे, थोडे मागे. एक अंश जरी हलले तरी बाकीचे काम फक्त धीराचे असते. नाहीच हलले तर हेड उतरवायचे, संप खोलायचा आणि लाकडी ठोकळा मधे धरून पिस्टनवर हलके ठोके द्यायचे.

सुटे झालेले भाग स्वच्छ करण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांत सर्वांत मजेशीर पद्धत मळीची. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, त्यात लोखंडी भाग आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवायचा. मळीतली संयुगे गंजातले लोह धरून विरघळवतात, पण चांगल्या धातूला जवळजवळ हात लावत नाहीत. वास मात्र असह्य येतो. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभारणारे आणि कुर्ल्यात मोटारी बनवणारे वालचंद हिराचंद एकच होते. एका कारखान्यातली मळी दुसऱ्यातल्या गाडीचा गंज काढते, हा योगायोग त्यांच्या चरित्रकारांच्या नजरेत भरण्यासारखा आहे.

मळीत अॅल्युमिनियमचा भाग टाकायचा नाही, तो खाल्ला जातो. जस्ताच्या मिश्रधातूचे कार्बोरेटरही नाही.

दुसरी पद्धत विजेची. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजका भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा निरुपयोगी तुकडा धन टोकाला जोडायचा. हे काम उघड्या हवेत करावे लागते, कारण हायड्रोजन बाहेर पडतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावले तर विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात, ही चूक फार जण करतात.

सर्वांत झटपट आणि सर्वांत वाईट पद्धत म्हणजे दुकानात बाटलीत मिळणारे संडास साफ करायचे अॅसिड. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. गंज डोळ्यांदेखत नाहीसा होतो आणि छिद्रांत क्लोराइड मागे राहते, म्हणजे समुद्राने जे पन्नास वर्षांत केले तेच एका तासात. वसईच्या हवेत असा भाग काही दिवसांत पुन्हा लाल होतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आम्लात टाकल्या तर हायड्रोजन पोलादात शिरतो, त्या ठिसूळ होतात आणि चालत्या इंजिनात तुटतात.

जे भाग एकमेकांवर घासत नाहीत, त्यांच्यावर टॅनिनचा उपाय चालतो. टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन निळसर काळा, घट्ट थर बनतो. हे रसायन आपल्याकडे नवे नाही. हिरड्यातले टॅनिन आणि लोह यांपासून शाई आणि कापडाचा काळा रंग कित्येक पिढ्या तयार होत आला. आज बाटलीतून मिळणारी काही गंजरोधक द्रव्ये त्याच तत्त्वावर चालतात.

सिलिंडरच्या आतली गोष्ट निराळी. तेथे खड्डे पडले असतील तर कोणतेही द्रावण ते भरून काढत नाही. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात, किंवा नवी स्लीव्ह ठोकून मूळ मापावर परतावे लागते. वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली भागांतल्या औद्योगिक गाळ्यांत लेथ आणि ग्राइंडिंगचे काम करणारे कारागीर आजही आहेत. पण १९२९ च्या शेवरोलेसारख्या इंजिनात कनेक्टिंग रॉडमध्ये व्हाइट मेटल वितळवून ओतावे लागते आणि मग ते हाताने खरवडून क्रँकवर बसवावे लागते. आयते बेअरिंग मिळू लागल्यापासून हे कसब मागे पडले. इंजिन वाचले आणि ते भरणारा हात राहिला नाही, ही अवस्था फार दूर नाही.

या साऱ्या खटाटोपाला जुलै २०२१ मध्ये एक कायदेशीर वळण मिळाले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पहिल्यांदाच व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालवता येत नाही.

नियमांची कळीची अट अशी की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या डिझेल इंजिनाने गाडी जिवंत ठेवली तेच आता तिच्या आड येते. आणि शेडमध्ये पडलेले, भंगाराच्या भावाने जायचे राहून गेलेले मूळ इंजिन एकाएकी गाडीची ओळख ठरते. बोअर केलेला, स्लीव्ह घातलेला ब्लॉक ‘मूळ’ मानायचा की नाही? तो मूळच मानला पाहिजे, असे म्हणायला भक्कम आधार आहे : त्या काळच्या कंपन्या स्वतःच मोठ्या मापाचे पिस्टन विकत असत. दुरुस्ती हा त्या यंत्राच्या रचनेचाच भाग होता.

दुसरी विसंगती अधिक बोचरी आहे. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी त्यानुसार ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. विसाव्या वर्षी निवृत्ती आणि पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली तीस वर्षे कोठे आणि कोणाच्या खर्चाने उभे राहायचे, याबद्दल नियम गप्प आहेत. बहुतेक गाड्या ही तीस वर्षे काढतच नाहीत, त्या भंगारात जातात. ज्या राहतात त्या उघड्यावर राहतात. जुलै २०१८ सारखा पाऊस वसई-विरार पाण्याखाली घालतो तेव्हा खाली उभ्या असलेल्या गाडीच्या इंजिनात काय शिरते, हे सांगायला नको.

पद्मिनी हे नाव कुर्ल्याच्या फियाटला १९७४ मध्ये मिळाले. म्हणजे त्या पहिल्या वर्षातल्या खासगी गाड्या २०२४ मध्ये पन्नाशीला पोहोचल्या. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे आहे. दोन वेगळे धातू, मधे कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी. त्यामुळे हेडचे स्टड गंजून हेड ब्लॉकवर चिकटलेले सापडते, पाण्याच्या वाटांभोवतीचे अॅल्युमिनियम पोखरलेले असते. हेड मळीत टाकता येत नाही, स्टड हेडसकट तापवता येत नाहीत. स्टडभोवती तेल सोडून वाट पाहावी लागते.

आणि या सर्वांआधी एक काम. ब्लॉकच्या सपाट पट्टीवर ठोकलेला इंजिन क्रमांक शोधायचा, मऊ ब्रशने तेवढीच जागा स्वच्छ करायची, खडू चोळून आकडे वाचायचे, फोटो काढायचा आणि तेलाचा हात फिरवून वर पट्टी चिकटवायची. ब्लॉक सँडब्लास्टिंगला पाठवताना ती पट्टी राहून गेली तर गंज जातो आणि त्याबरोबर नोंदवहीतल्या आकड्याशी जुळणारा एकमेव पुरावाही जातो.