हिमवादळ आणि मुक्या तारा

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे थंडीची चाहूल लागली की मन प्रसन्न होते. अभ्यंगस्नानाच्या पहाटे अंगावर येणारा काटादेखील हवाहवासा वाटतो. पण याच थंडीचे एक रौद्र रूप आहे, आणि ते ज्यांच्या वाट्याला येते त्या देशांत त्याची नोंद एखाद्या लढाईसारखी केलेली आढळते. अमेरिकेत १८८८ साली दोन महिन्यांच्या अंतराने अशी दोन हिमवादळे झाली. त्यांच्या हकीकती वाचताना मला वादळाच्या बळापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटत आले आहे. देशात हवामानाचे खाते होते, गावोगाव तारायंत्र होते. आणि तरीही हजारो माणसे ऐन वादळाच्या तोंडी घराबाहेर पडली. हे घडले कसे?

आपल्या पंडिता रमाबाई त्या वर्षी अमेरिकेतच होत्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी पुस्तकात त्यांनी त्या देशाच्या उद्योगशीलतेची मोठी वाखाणणी केली आहे. त्याच उद्योगी देशाची ही कथा आहे.

हवामानाचे भाकीत करण्याचे काम तेथे १८७० पासून लष्कराच्या सिग्नल खात्याकडे होते. ठिकठिकाणची निरीक्षणे तारेने गोळा व्हायची आणि त्यांवरून पुढचा अंदाज निघायचा. थंडीची लाट येणार असेल तर पांढऱ्या कापडावर मधोमध काळा चौकोन असलेले निशाण गावात फडकवले जाई. व्यवस्था उत्तम होती. पण तार जेथे संपते तेथे तीही संपत असे.

१२ जानेवारी १८८८, गुरुवार. डाकोटा आणि नेब्रास्काच्या विस्तीर्ण माळरानावर कित्येक दिवसांच्या कडाक्यानंतर त्या सकाळी हवा उबदार झाली होती. मुले जाड कपडे घरी ठेवून आनंदाने शाळेत गेली. दुपारी वायव्येकडून वादळ आले ते भिंत चालून यावी तसे. बर्फाचे कण पिठासारखे बारीक. डोळे उघडणेच अशक्य. कित्येक शाळांत ती सुटीचीच वेळ होती. लाटेची सूचना तारेने काही गावांना गेली होती, पण ती उशिरा निघाली, आणि माळावरच्या एकट्या शाळेपर्यंत निशाण कोण नेणार? मृतांचा आकडा २३५ सांगतात. त्यांत मुले पुष्कळ, म्हणून ते ‘मुलांचे वादळ’ या नावाने ओळखले जाते. नेब्रास्कात मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचे छप्पर उडाले, तेव्हा तिने सारी मुले जवळच्या शेतघरी सुखरूप नेली. मुलांना तिने एका दोरीने बांधले होते असे सांगतात. त्या दोरीबद्दल मतभेद आहेत. मुले वाचली याबद्दल नाहीत.

एवढे होऊन दोन महिनेच लोटले होते. सिग्नल खात्याचे प्रमुख तेव्हा अॅडॉल्फस ग्रीली होते. उत्तर ध्रुवाकडील ज्या मोहिमेतून २५ पैकी अवघे ६ जण जगले, तिचे ते नायक. बर्फ म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण मार्चच्या त्या शनिवार-रविवारी न्यूयॉर्कसाठी जी भाकिते निघाली, त्यांत पुढील अनर्थाची चाहूल नव्हती. वायव्येकडील गार हवा आणि दक्षिणेकडील ओलसर उबदार हवा यांची किनाऱ्याजवळ गाठ पडली, आणि त्यातून उठलेले वादळ पुढे सरकण्याऐवजी तेथेच रेंगाळले. ११ मार्चच्या रविवारी पाऊस पडला. मध्यरात्रीनंतर त्याचे हिम झाले.

सोमवारी सकाळी शहर जागे झाले तेव्हा रस्ते दिसत नव्हते. तरी माणसे निघालीच! खाडा झाला तर रोज बुडेल, कदाचित नोकरीही जाईल, ही भीती हिमाहून मोठी होती. उंच खांबांवरून धावणाऱ्या आगगाड्या जागच्या जागी अडकल्या. त्यांतून सुमारे १५,००० उतारू अधांतरी राहिले असे सांगतात. खाली काही धूर्त लोक शिड्या घेऊन आले आणि पैसे मोजून घेऊन एकेकाला उतरवू लागले. माजी सेनेटर रॉस्को कॉन्क्लिंग हे वयाची ५८ वर्षे उलटलेले बडे प्रस्थ. गाडीवानाने ५० डॉलर मागितले, तेव्हा संतापून ते वॉल स्ट्रीटवरून पायीच निघाले. तीन तासांनी मॅडिसन चौकापाशी येऊन कोसळले, आणि १८ एप्रिलला वारले. मजुराला गरजेने बाहेर काढले, त्यांना स्वाभिमानाने. वादळाने मात्र असला भेद केला नाही.

न्यूयॉर्कमध्ये २१ इंच हिम पडले, न्यू हेवनमध्ये सुमारे ४५ इंच. वाऱ्याने ढिगारे मात्र घरांच्या माळ्यापर्यंत चढवले. शहरावर जाळ्यासारख्या पसरलेल्या तारा खांबांसह कोलमडल्या. बॉस्टन इतके जवळ, पण तेथला निरोप समुद्राखालच्या तारेने इंग्लंडमार्गे पाठवावा लागला. ज्या यंत्राने वादळाची वार्ता द्यायची, त्याचाच गळा वादळाने प्रथम आवळला होता. एकंदर सुमारे ४०० माणसे दगावली. त्यांतली निम्मी न्यूयॉर्क शहरातली.

लोक यातून काही शिकले का? शिकले. तारा जमिनीखाली घालण्याचा कायदा आधीच होता. त्याची अंमलबजावणी १८८९ पासून नेटाने सुरू झाली. भुयारी रेल्वेच्या मागणीला जोर आला. बॉस्टनमध्ये ती १८९७ साली धावली, न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली. १८९१ साली हवामानाचे काम लष्कराकडून काढून शेतकी खात्याकडे देण्यात आले.

असो. पुढे उपग्रह आले, भाकिते अचूक झाली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराला येणाऱ्या वादळाची सूचना कित्येक दिवस आधी मिळाली होती. पण २३ तारखेला वाहतूकबंदी पुकारली ती सकाळी साडेनऊला, म्हणजे चाकरमाने कामावर पोचल्यानंतर. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे मेली. काही तर रस्त्यात अडकलेल्या आपल्याच मोटारीत. या वेळी तारा मुक्या नव्हत्या. तेव्हा मला वाटते, वादळ येत आहे हे कळणे ही अर्धीच सूचना होय. ‘आज कामावर नाही आलास तरी चालेल’ हे वाक्य मजुराच्या दारी वेळेवर पोचले, म्हणजे ती पुरी होते.