शाळेत कलाकार आला, पण मागे काय ठेवून गेला?

कलाशिक्षणावर पीएचडी करायची म्हटलं की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं : ‘व्यावसायिक कलाकारांना शाळेत आणण्याचा प्रयोग अलीकडचा आहे.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. ते खोडावं लागलं. का, ते आज सांगते.

समजा, तुमचं फील्डवर्क मावळात, तिकोणा पेठेत आहे. वर तिकोण्याचा किल्ला, पलीकडे पवना धरणाचा जलाशय. इथल्या मुलांना गाणं कोण शिकवणार? प्रश्न आजचा वाटतो, पण महाराष्ट्रात त्याची दोन उत्तरं शंभर वर्षांपूर्वीच देऊन झाली आहेत. देणारे दोघंही पोटापाण्यासाठी गाणारे, दोघांचाही जन्म 1872 चा, आणि दोघांचाही मिरजेशी संबंध.

पहिलं उत्तर : अभ्यासक्रम

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गुरुगृही राहून शिकले. गुरूची मर्जी, घरची कामं, वर्षानुवर्षं वाट पाहणं, हे सगळं त्यांनी अनुभवलं होतं. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्था एका राजाच्या जिवावर न चालवता लोकांच्या देणग्या आणि जलसे यांवर चालवली. ठरलेले वर्ग, छापील पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा असा सगळा सरंजाम उभा केला. 1908 मध्ये ते मुंबईत आले. पुढे कर्जापायी तिथली इमारत हातची गेली, पण पद्धत टिकली. कारण त्यांनी गवयांच्या जोडीने शिक्षकही घडवले होते. बी. आर. देवधरांनी 1925 मध्ये मुंबईत संगीतशाळा काढली, विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात. शिष्यांनी 1931 मध्ये मंडळ स्थापन केलं. आज गावोगावची मुलं ‘प्रारंभिक’ आणि ‘प्रवेशिका’च्या परीक्षांना बसतात, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरं उत्तर : सहवास

अब्दुल करीम खाँ कैरान्याचे, किराणा घराण्याचे. त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं आणि 1913 पासून ते पुण्यात चालवलं. मुलं तिथेच राहत, शिकत आणि जलशांतही भाग घेत. गरीब मुलांना फी नव्हती, जलशांच्या कमाईवर खर्च भागायचा. म्हणजे शाळाही होती आणि गुरुगृहही. ही संस्था फार वर्षं टिकली नाही. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि 1937 मध्ये वारले.

मग हा प्रयोग फसला म्हणायचा का? संस्थेचं आयुष्य मोजलं तर हो. पण त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी ही साखळी धरली तर उत्तर उलटं येतं.

इथे संशोधक कुठे घसरतो?

पलुस्करांनी कागद मागे ठेवले : पुस्तकं, अभ्यासक्रम, परीक्षा. खाँसाहेबांनी माणसं मागे ठेवली. त्यांच्याकडे जायला ध्वनिमुद्रिका आहेत आणि शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी लिहिलेलं चरित्र आहे. ते चरित्र मोलाचं आहे, पण एका भक्ताचं आहे, हे वाचताना विसरायचं नाही. दप्तरात पहिला प्रकार ठळक दिसतो आणि दुसरा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून आपण नकळत लिहून टाकतो की पहिला यशस्वी, दुसरा अपयशी. हा निष्कर्ष इतिहासाचा नसतो, कपाटात काय उरलं त्याचा असतो.

आणि ही चूक पुस्तकापुरती राहत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 ची अनुसूची बघा. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक. डोंगरकपारीतल्या ज्या शाळेचा पट तेवढा नाही, तिथे हा निकष लागूच होत नाही. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पुढे जातं. शाळा किंवा शाळा संकुलात ‘निवासी कलाकार’ असावा, स्थानिक कलाकारांना शिकवायला बोलवावं, असं ते म्हणतं. पण कलाकार कोणाला म्हणायचं? प्रमाणपत्र असलेल्यालाच म्हटलं, तर ते पलुस्करांचं उत्तर झालं. मावळात गावोगावी भजनी मंडळं आहेत. तिथे पोरगा पखवाज शिकतो तो म्हाताऱ्या बुवांच्या शेजारी बसून, सप्ताहात साथ करता करता. हा खाँसाहेबांच्या उत्तराचाच गावातला भाऊ. तो कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मी पलुस्करांच्या विरोधात नाही. परीक्षा नसत्या तर ज्यांच्या घरी गाणं नाही अशा हजारो मुलामुलींना दारच उघडलं नसतं. सहवासाच्या पद्धतीत कोणाला आत घ्यायचं हे गुरू ठरवतो, आणि त्यात जात आणि लिंग आडवं येतं. दोन्ही उत्तरांची किंमत आहे, ती दोन्हीकडे मोजा एवढंच.

तेव्हा फील्डवर एकच जास्तीचा प्रश्न न्या. शाळेत ‘संगीत शिक्षक आहे का?’ हे विचाराच. पण मुलांनाही विचारा : ‘तू हे कोणाकडून शिकलास?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर हजेरीपटात सापडेल. दुसऱ्यासाठी संध्याकाळी देवळात जाऊन बसावं लागेल.